स्थलांतरितांची कौशल्ये व वेतन (अमेरिका)

परदेशात जन्मून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कामासाठी आलेले आणि तेथेच जन्मलेले कामगार यांच्या वेतनातील तफावत, तसेच तिच्यामागील शिक्षण, अनुभव, भाषा इ. कारणे हा श्रम-अर्थशास्त्रातील एक दीर्घकाळ वादग्रस्त राहिलेला विषय आहे. त्याच्या आधुनिक अभ्यासाची सुरुवात अर्थतज्ज्ञ बॅरी चिझविक यांच्या १९७८ मधील निबंधापासून मानतात. १९७० च्या जनगणनेतील पुरुषांच्या कमाईवरून त्यांनी असे मांडले, की नवा स्थलांतरित सुरुवातीला कमी कमावतो. पण भाषा आणि कामाची रीत अंगवळणी पडत जाते तशी त्याची कमाई झपाट्याने वाढते व सुमारे १० ते १५ वर्षांत तो समान शिक्षणाच्या स्थानिकाला गाठून पुढेही जातो.

हा निष्कर्ष दिलासा देणारा असला, तरी एकाच जनगणनेवर बेतलेला होता. जॉर्ज बोरहास यांनी १९८५ मध्ये १९७० व १९८० या दोन जनगणना एकत्र वाचून दाखवून दिले, की २० वर्षांपूर्वी आलेला आणि काल आलेला ही एकाच माणसाची दोन वये नव्हेत. ते वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या देशांतून आलेले वेगळे लोक आहेत. १९६५ च्या स्थलांतरविषयक कायद्याने देशनिहाय कोटा रद्द झाल्यावर आशिया व लॅटिन अमेरिकेतून येणाऱ्यांचे प्रमाण वाढले होते, आणि बोरहास यांच्या मते नंतरच्या तुकड्यांची सुरुवातीची कमाई आधीच्यांपेक्षा कमी होती. पुढे डॅरेन लुबॉट्स्की यांनी सामाजिक सुरक्षा खात्याच्या नोंदींच्या आधारे आणखी एक पेच पुढे आणला: कमी कमावणारे मायदेशी परतण्याची शक्यता अधिक असते, त्यामुळे मागे उरलेल्यांची सरासरी आपोआप फुगते.

कौशल्य सीमा ओलांडताना पूर्ण किमतीने ओलांडत नाही, हे या तफावतीचे बहुधा सर्वांत ठोस कारण होय. रेचेल फ्रीडबर्ग यांनी २००० मध्ये इस्राएलच्या माहितीवरून दाखविले, की परदेशात घेतलेल्या शिक्षणाला व अनुभवाला तेथील बाजारात स्थानिक शिक्षणापेक्षा कमी मोल मिळते. अमेरिकेत याचे ढळढळीत उदाहरण वैद्यकीय व्यवसायात दिसते. मुंबई-पुण्याहून एम.बी.बी.एस. होऊन गेलेल्या, अगदी अनुभवी डॉक्टरलाही सहसा परवान्याच्या परीक्षा देऊन तेथील रुग्णालयात पुन्हा निवासी डॉक्टर म्हणून उमेदवारी करावी लागते. तेवढी वर्षे त्याचे ज्ञान तेच असते, पगार मात्र शिकाऊ डॉक्टरचा.

सरासरीचा आकडा येथे फारसा उपयोगी पडत नाही. भारतात जन्मलेल्यांच्या कुटुंबांचे मध्यक (उतरत्या क्रमातील अगदी मधल्या कुटुंबाचे) उत्पन्न अमेरिकेत जन्मलेल्यांच्या कुटुंबांपेक्षा बरेच जास्त आहे, कारण त्यांच्यातील मोठा वर्ग उच्चशिक्षितांसाठीच्या एच-१बी व्हिसावर किंवा विद्यापीठांमार्फत आलेला आहे. मेक्सिको व मध्य अमेरिकेतून शेती, बांधकाम यांसारख्या कामांसाठी आलेल्यांचे उत्पन्न त्या मानाने कमी आहे. हा भेद जन्मभूमीपेक्षा निवडीच्या वाटेबद्दल अधिक सांगतो.

स्थानिकांच्या वेतनावर होणाऱ्या परिणामाबद्दल मात्र एकमत नाही. १९८० मध्ये क्यूबातील मारिएल बंदरातून सुमारे १,२५,००० लोक फ्लॉरिडात आले आणि मायामीतील श्रमबळ जवळजवळ ७ टक्क्यांनी वाढले. तरीही कमी कुशल स्थानिकांचे वेतन घसरल्याचे डेव्हिड कार्ड यांना १९९० च्या अभ्यासात आढळले नाही. बोरहास यांनी २०१७ मध्ये केवळ शालेय शिक्षण अर्धवट सोडलेल्या पुरुषांचा गट वेगळा काढून मोठी घसरण झाल्याचा दावा केला, पण त्या गटाचा नमुना फार लहान असल्याचा आक्षेप त्यावर घेण्यात आला. जोव्हान्नी पेरी व चॅड स्पार्बर यांचे म्हणणे असे, की अंगमेहनतीची कामे स्थलांतरितांकडे गेल्यावर कमी शिकलेले स्थानिक इंग्रजी संभाषण लागणाऱ्या कामांकडे वळतात, त्यामुळे दोघांतील स्पर्धा वाटते तितकी थेट राहत नाही.