सुजलेली जखम आणि चिघळलेली जखम

सुरुंगावर पाय पडलेल्या सैनिकाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप भरला, की सगळे छातीठोकपणे सांगतात: इन्फेक्शन! आणि लगेच आणखी जोरकस अँटिबायोटिक सुचवतात.

इन्फेक्शन सगळ्यांना ठाऊक आहे. जंतू शिरले, वाढले, पू झाला. घोळ होतो तो दाहाबाबत. लाली, सूज, ऊब, ठणका ही लक्षणं दाहाची. जंतू आले की दाह होतो हे खरं, पण दाहाला जंतूच लागतात असं नाही.

स्फोटात मांस चिरडतं, पेशी फुटतात आणि आतल्या मायटोकॉन्ड्रियांचे (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या कणांचे) तुकडे रक्तात उतरतात. या मायटोकॉन्ड्रिया मूळच्या जिवाणूंच्याच वंशातल्या. त्यांचा डीएनए समोर आला की पांढऱ्या पेशी जंतू समजूनच तुटून पडतात. २०१० साली ‘नेचर’मध्ये हे प्रसिद्ध झालं. ताप चढतो, नाडी धावते, रक्तातलं सीआरपी हे दाह दाखवणारं प्रथिन वाढतं, आणि जंतूंचा हल्ला झालेलाच नसतो! सुरुवातीचं अँटिबायोटिक अशा मातकट जखमेत हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण ते दाह शमवत नाही. त्यासाठी मेलेलं मांस काढावं लागतं. सर्जन रंग बघतो, पोत बघतो, चिमट्यानं दाबून स्नायू आकसतो का आणि कापल्यावर रक्त येतं का ते पाहतो. नाही आलं, तर तो भाग ठेवायचा नाही.

कल्चरमध्ये, म्हणजे जखमेतला नमुना प्रयोगशाळेत वाढवून पाहिल्यावर, जंतू सापडले म्हणजे इन्फेक्शन, हाही असाच गैरसमज. उघड्या जखमेवर जंतू बसणारच.

रोज ड्रेसिंग उचकटून बघण्याची हौस मला मुळीच पटत नाही. रेडक्रॉसचे युद्धसर्जन जखम न शिवता ड्रेसिंगखाली उघडीच ठेवतात आणि चार ते सात दिवसांनी टाके घालतात. रुग्ण ठीक असेल तर तोवर ड्रेसिंगला हात लावत नाहीत. त्या पट्ट्यांना अमोनियासारखा उग्र दर्प येतो. तो वाळलेल्या स्रावाचा, घाबरायचं कारण नाही. सडका वास मात्र वेगळा. तो आला की थेट ऑपरेशन थिएटर.

दाह रेंगाळला तर जंतू नसतानाही टाके उसवू शकतात. स्नायूंत भलतीकडे हाडही धरतं. इराक-अफगाणिस्तानात पाय गमावलेल्या अमेरिकी सैनिकांत निम्म्याहून अधिक खुंटांमध्ये असं हाड आढळलं. कृत्रिम पाय चढवताना ते बोचतं, आणि काहींना त्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.