शवासन

शवासन : (मृतासन). पाठीवर उताणे निजून, शरीर प्रेताप्रमाणे निश्चल व सैल ठेवून जागेपणी घ्यावयाची विश्रांती. गणना आसनांत होत असली, तरी ग्रंथकारांनी त्याचे फळ शरीराइतकेच चित्ताच्या अंगाने सांगितले आहे. स्वात्मारामाच्या हठप्रदीपिका या हठयोगावरील ग्रंथातील (१.३२) लक्षण असे : ‘उत्तानं शववद्भूमौ शयनं तच्छवासनम् । शवासनं श्रान्तिहरं चित्तविश्रान्तिकारकम् ॥’. तेथे सांगितलेल्या पंधरा आसनांत याचा क्रम अकरावा. मयूरासनानंतर आणि सिद्ध, पद्म, सिंह व भद्र या चार प्रमुख आसनांच्या आधी. हाच श्लोक थोड्या पाठभेदाने घेरंडसंहितेत (२.१९) आढळतो, आसनांच्या यादीत मात्र तेथे ‘मृत’ असे नाव येते. शिवसंहितेत हे आसन नाही.

संज्ञा : तांत्रिक वाङ्मयात ‘शव’ आणि ‘आसन’ हे शब्द एकत्र येतात तेव्हा बहुधा निराळा अर्थ असतो. शवसाधनेत साधक प्रेतावर बसतो, म्हणजे शव हेच आसन. कालीच्या ध्यानातील ‘शवारूढा’ हे विशेषण त्याच कल्पनाविश्वातले. यावरून हठयोगातील शवासन हे स्मशानसाधनेचे सौम्य रूप असावे, असा तर्क करण्याचा मोह होतो. परंतु हठग्रंथांतील शब्द ‘शववत्’ असा आहे. प्रेतावर बसणे आणि प्रेतासारखे पडणे यांना जोडणारा दुवा या श्लोकांत तरी दिसत नाही. नावाच्या साम्यापलीकडे त्यावर भर देऊ नये, हे बरे.

उगम : पातंजल योगसूत्रांत शवासनाचा उल्लेख नाही. ‘प्रयत्नशैथिल्यानन्तसमापत्तिभ्याम्’ (२.४७) या सूत्रातील ‘प्रयत्नशैथिल्य’ म्हणजेच शवासनाचे बीज, असे अनेक आधुनिक योगशिक्षक सांगतात. ते सूत्र कोणत्याही आसनातील आयास सुटण्याविषयीचे आहे, एका विशिष्ट आसनाविषयीचे नाही. मागील सूत्रावरील व्यासभाष्यात आसनांची जी नावे येतात, त्यांत ‘पर्यङ्क’ हे एक आहे. वाचस्पतिमिश्र त्याचा अर्थ गुडघ्यांपर्यंत बाहू पसरून निजणे असा देतो. म्हणजे निजून करावयाचे आसन योगदर्शनाच्या टीकाकारांना सर्वस्वी अपरिचित नव्हते. मात्र प्रेताची उपमा आणि चित्तविश्रांतीचे फळ ही दोन्ही तेथे नाहीत, आणि शवासनाची खूण तर त्यांतच आहे.

निजून साधना करण्याविषयी जुन्या आचार्यांचे मत एकंदरीत प्रतिकूलच होते. ‘आसीनः सम्भवात्’ (ब्रह्मसूत्र ४.१.७) या सूत्रावरील भाष्यात शंकराचार्य म्हणतात की, उभ्या माणसाचे मन देह सावरण्यात गुंतलेले राहते, आणि निजलेल्याला अकस्मात झोप गाठते, म्हणून उपासना बसूनच करावी. गीतेच्या सहाव्या अध्यायात ‘उपविश्यासने’ असेच पद आहे, आणि ज्ञानेश्वरीतही त्या ठिकाणी वर्णन बैठकीचे आहे. शवासनाकडे पाहताना ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवावी लागते. ज्या स्थितीत झोप लागण्याचा धोका सर्वांत मोठा, तीच मन निवविण्यासाठी केव्हा आणि कोणी निवडली, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर बहुधा हठाच्या नव्हे, तर लययोगाच्या, म्हणजे मन ध्यानात विरघळविण्याच्या, परंपरेत मिळते. दत्तात्रेययोगशास्त्रात आदिनाथाने (शिवाने) सांगितलेले लयाचे ‘संकेत’ येतात. चालता-बसता, निजता-जेवता शून्याचे ध्यान करणे, नासाग्री किंवा भ्रूमध्यात दृष्टी लावणे, पायांच्या अंगठ्यांवर लक्ष देणे असे हे सोपे उपाय आहेत. भूमीवर शवाप्रमाणे उताणे निजणे हा त्यांतलाच एक, आणि तो एकांतात, अंग शिथिल ठेवून करावा असे म्हटले आहे. हठग्रंथांचे अभ्यासक जेम्स मॅलिन्सन हे हा ग्रंथ साधारणतः तेराव्या शतकातील मानतात. तसे असल्यास स्वात्मारामाने लयाचा एक उपाय उचलून आसनांच्या पंक्तीत बसविला, असे म्हणावे लागते. हठप्रदीपिकेवरील ज्योत्स्ना टीकेत ब्रह्मानंद ‘श्रान्ति’ म्हणजे हठाभ्यासाने आलेला शीण, असा अर्थ घेतो. एकोणिसाव्या शतकातील या अर्थाने शवासन हे इतर आसनांच्या शेवटी घ्यावयाचा विसावा ठरले, आणि आज सर्वत्र रूढ आहे ती हीच समजूत. तिच्यात श्लोकातील ‘श्रान्तिहरं’ हे पद चपखल बसते. ‘चित्तविश्रान्ति’ या शब्दाचे वजन मात्र लययोगाच्या बाजूने घेतले तरच नीट कळते.

हठप्रदीपिकेच्या काळाविषयी एकमत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील प. कृ. गोडे यांनी इतर ग्रंथांतील उताऱ्यांच्या आधारे तो इ. स. १३६० ते १६५० यांच्या दरम्यान ठेवला. पुढे फ्रेंच अभ्यासक क्रिस्त्यां बुई यांनी पंधरावे शतक सुचविले, आणि अलीकडचे बहुतेक लेखन तेच धरून चालते. गोडे यांची मर्यादा ढिली असली तरी आधारांपलीकडे न जाणारी आहे. लोणावळ्याच्या कैवल्यधामाने १९७० मध्ये स्वामी दिगंबरजी व पं. रघुनाथशास्त्री कोकजे यांनी संपादिलेली या ग्रंथाची आवृत्ती प्रसिद्ध केली.

पुणे परिसरातील परंपरा : या आसनाला आजचे रूप देण्यात पुणे आणि लोणावळा यांचा वाटा मोठा आहे. स्वामी कुवलयानंद (जगन्नाथ गणेश गुणे) यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी योगमीमांसा हे नियतकालिक सुरू केले. योगक्रियांची शरीरशास्त्राच्या साधनांनी तपासणी करणे, हा त्यांचा आग्रह होता. अवयव क्रमाने सैल सोडणे आणि मग श्वासाकडे लक्ष देणे, ही शवासनाची मांडणी त्यांच्या परंपरेत दिसते. एडमंड जेकबसन यांचा स्नायुशिथिलीकरणावरील ग्रंथ १९२९ मध्ये अमेरिकेत निघाला. दोन्ही पद्धतींतील साम्य उघड आहे. कोणी कोणाकडून घेतले हे ठरविण्याची घाई करण्याचे कारण नाही.

बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) हे १९३७ मध्ये गुरू कृष्णम्माचार्य यांच्या सांगण्यावरून डेक्कन जिमखान्यावर शिकविण्यासाठी पुण्यास आले, ते सहा महिन्यांच्या बोलीने. पुढे जन्मभर येथेच राहिले. शिवाजीनगर भागातील राममणी अय्यंगार स्मृती योगसंस्था १९७५ मध्ये सुरू झाली. आखीव-रेखीव उभ्या आसनांसाठी अय्यंगारांची पद्धत ओळखली जात असली, तरी शवासन हे साधावयास सर्वांत कठीण आसन, असे ते मानत. लाइट ऑन योग या १९६६ च्या ग्रंथात त्यांनी त्यासाठी १५ ते २० मिनिटांचा अवधी सांगितला; १९८१ च्या प्राणायामावरील ग्रंथाचा शेवट शवासनाच्याच प्रकरणाने होतो. जीभ, डोळ्यांची बुबुळे, कपाळाची त्वचा येथपर्यंत सैलपणा पोचला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. त्यासाठी पाठीखाली लोड, मानेखाली घोंगडीची घडी, डोळ्यांवर क्रेप पट्टी अशी साधने या पद्धतीत वापरतात. व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन १९५२ मध्ये मुंबईत प्रथम भेटले तेव्हा अय्यंगारांनी त्यांना निजवून विश्रांती दिली आणि त्यांना गाढ झोप लागली, ही हकीगत नेहमी सांगितली जाते. काटेकोर पाहू गेल्यास ती शवासन साधल्याची नव्हे, चुकल्याची कथा आहे.

कोरेगाव पार्कातील ओशो आश्रमात (स्थापना १९७४) प्रचलित असलेल्या ‘कुंडलिनी’ ध्यानाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे चार टप्पे आहेत. शेवटच्यात निश्चल निजून राहावयाचे असते. त्याला तेथे शवासन म्हणत नाहीत. विपश्यनेच्या शिबिरांत साधना बसूनच होते.

कृती : सतरंजीवर उताणे निजून पायांत अंतर ठेवतात, हात अंगापासून थोडे दूर घेतात, डोळे अलगद मिटतात. तळहातांविषयी मतभेद आहे. अय्यंगार पद्धतीत ते आकाशाकडे असतात, त्यामुळे खांदे मागे पडून छाती उघडते. पुढे दिलेल्या दाते यांच्या प्रयोगात ते अर्धे वळलेले, बोटे किंचित दुमडलेली होती. पाय एकमेकांपासून ३० अंश, हात धडापासून १५ अंश. मूळ श्लोकात हातांचा उल्लेखच नाही. हनुवटी वर गेली की विचार सुरू होतात, हा शिक्षकांचा सांगावा अनुभवाने पटतो. त्यामुळे डोक्याखाली पातळ घडी ठेवणे हा नाजूकपणा नव्हे. उत्तरेकडे डोके नको, असे घरची वडीलधारी माणसे बजावतात. तो नियम झोपेसंबंधीच्या लोकसमजुतीतला आहे, या लक्षणश्लोकांतला नाही.

विचार आवरण्याचा प्रयत्न येथे करावयाचा नसतो. मनातली अडगळ उपसण्यापेक्षा तिच्याकडे न वळता नाकपुडीशी होणाऱ्या श्वासाच्या स्पर्शावर राहणे, एवढेच काम. घोरणे ऐकू आले की शिक्षक हलकेच पायाला स्पर्श करतात. उठताना उजव्या कुशीवर वळून, काही श्वास थांबून बसण्याची पद्धत आहे. निद्रेशी सीमा असलेली ‘योगनिद्रा’ ही सूचनाधारित पद्धत बिहार योगविद्यालयाच्या स्वामी सत्यानंदांनी प्रचलित केली. ती शवासनातच करतात, पण दोन्ही एक नव्हेत. हठप्रदीपिकेत (४.४९) ‘योगनिद्रा’ हा शब्द खेचरीच्या (जीभ टाळूमागे वळविण्याच्या मुद्रेच्या) संदर्भात, समाधीच्या जवळच्या अर्थाने येतो.

वैद्यकीय उपयोग : मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ के. के. दाते आणि सहकारी यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवर केलेला शवासनाचा प्रयोग १९६९ मध्ये अँजिओलॉजी या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सहलेखकांत कैवल्यधामाचे विनेकर होते. रुग्ण रोज सुमारे अर्धा तास संथ, पोटाने घेतलेल्या श्वासासह शवासन करीत. औषध न घेणाऱ्यांचा रक्तदाब उतरला आणि औषध घेणाऱ्यांपैकी अनेकांची मात्रा कमी करता आली, असा निष्कर्ष निघाला. रुग्णसंख्या लहान होती, तरी त्या काळी हे धाडसाचे काम होते. पुढे १९७३ मध्ये चंद्रा पटेल यांनी लंडनमध्ये शवासनसदृश शिथिलीकरणाला यंत्राच्या प्रत्याभरणाची (बायोफीडबॅक; शरीरातील बदल रुग्णाला यंत्राने कळविण्याची) जोड देऊन २० रुग्णांवर असाच प्रयोग केला. पाठीचे दुखणे असल्यास गुडघ्यांखाली लोड घेतात. गरोदरपणाच्या उत्तरार्धात उताणे न निजता डाव्या कुशीवर पडून हेच करतात.