गाईच्या ढेकरात काय असतं?

गाय श्वासातून ऑक्सिजन सोडते, हा मेसेज वसुबारस जवळ आली की हटकून येतो. तसा तो अगदीच खोटा नाही. आत घेतलेल्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो, बाहेर टाकलेल्या हवेत १६-१७ टक्के उरतो. गाईच्या, म्हशीच्या आणि मेसेज पुढे ढकलणाऱ्याच्याही. पण गाईच्या पोटातला खरा कारभार ऑक्सिजनशिवाय चालतो, आणि तो या मेसेजपेक्षा कितीतरी सुरस आहे.

कोकणात भात झोडून झालं, उडव्या रचल्या, की पाऊस लागेपर्यंत गुरांची मदार पेंढ्यावर. पेंढ्यात प्रथिनं जेमतेम ३-४ टक्के. बाकी सिलिका, लिग्निन (काडीला कडकपणा देणारा, न पचणारा भाग) आणि सेल्युलोज. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्याच लांब साखळ्या, पण त्या तोडणारं विकर (एन्झाइम) गाईच्या शरीरात बनत नाही. ते काम पोटाच्या चार कप्प्यांतल्या पहिल्या आणि सर्वांत मोठ्या कप्प्यातले, रुमेनमधले, सूक्ष्मजीव करतात. तिथलं तापमान ३९ अंशांच्या आसपास, आणि एका मिलिलिटरमध्ये हजार कोटी किंवा त्याहून जास्त जिवाणू.

हे जिवाणू ग्लुकोज आंबवतात. ग्लुकोजच्या एका रेणूपासून ॲसेटिक आम्लाचे २, कार्बन डायऑक्साइडचे २ आणि हायड्रोजनचे ४ रेणू मिळतात. ॲसेटिक आम्ल म्हणजे व्हिनेगरमधलं तेच. अशी आम्लं रुमेनच्या भिंतीतून थेट रक्तात जातात आणि गाईची जवळपास ७० टक्के ऊर्जा त्यांतून येते. गाय खाते पेंढा, पण जगते आम्लांवर.

आता हायड्रोजनचं काय? अन्न मोडताना निघालेले इलेक्ट्रॉन कुणीतरी स्वीकारावे लागतात. आपल्या पेशींत ते ऑक्सिजन स्वीकारतो. रुमेनमध्ये तो नसतो, म्हणून जिवाणू ते प्रोटॉनच्या गळ्यात मारून हायड्रोजन वायू बाहेर टाकतात. हा वायू साचला तर पुढचे इलेक्ट्रॉन टाकायला जागा उरत नाही आणि आंबण्याची क्रिया मंदावते. इथे आर्किया कामाला येतात. दिसायला जिवाणूंसारखे, पण ते जिवाणू नव्हेत. अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ कार्ल वूज यांनी १९७७ साली त्यांचं वेगळं कूळ दाखवून दिलं, ते मिथेन बनवणाऱ्या याच मंडळींवरून. हायड्रोजनचे ४ रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचा एक घेऊन ते मिथेनचा एक रेणू आणि पाण्याचे दोन बनवतात. हायड्रोजन हटला की पेंढा पुन्हा आंबू लागतो. मिथेन ढेकरातून जातो. बहुतेकांना वाटतं तसा मागून नव्हे. तिथून फार थोडा.

हायड्रोजन खपवायची दुसरीही वाट आहे. प्रोपिऑनिक आम्ल बनताना तो वापरला जातो. धान्य-पेंड मिळालेल्या जनावरात हे आम्ल जास्त बनतं, नुसत्या पेंढ्यावरच्या जनावरात ॲसेटिक जास्त, म्हणून मिथेनही जास्त. खाल्लेल्या ऊर्जेतली साधारण ६ टक्के अशी हवेत जाते. शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो, हे वेगळंच.

मला सर्वांत आवडणारी गंमत पुढे आहे. ॲसेटिक आम्ल फोडून मिथेन करणारेही आर्किया असतात. गोबर गॅसच्या टाकीतला बहुतेक मिथेन त्यांचाच. मग ते गाईचं आम्ल का पळवत नाहीत? कारण त्यांची वाढ फार संथ. रुमेनमधला चोथा एक-दोन दिवसांत पुढे सरकतो, आणि त्यांची संख्या दुप्पट व्हायच्या आत ते वाहून जातात. टाकीत शेण महिना-दीड महिना राहतं, तिथे त्यांचं बस्तान बसतं. रुमेन तितकं संथ असतं तर गाय उपाशी मेली असती.

समुद्री शेवाळ खाऊ घातलं की मिथेन बंद, अशाही बातम्या येतात. ती करामत ॲस्परागॉप्सिस या लाल शेवाळाची, त्यातल्या ब्रोमोफॉर्मची. किनाऱ्यावर वाहून आलेलं कुठलंही शेवाळ दावणीत टाकून ते होत नाही. त्यापेक्षा जिवाणूंना नायट्रोजन द्या, तो प्रथिनांत असतो. चाऱ्यात प्रथिनं ७ टक्क्यांच्या खाली गेली की ते तंतू नीट पचवत नाहीत. बांधावरच्या गिरीपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया) पाल्यात २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. वासामुळे गुरं आधी तोंड फिरवतात; पाला सुकवून, आंबोणात (भिजवलेल्या पेंड-कोंड्यात) थोडा थोडा मिसळून सवय लावावी लागते. दूध थोडं वाढलं तरी लिटरमागे मिथेन कमी पडतो.

शेणाचं मात्र आपण वाटोळं करतो. उघड्या गायरीतला (शेणाच्या खड्ड्यातला) नायट्रोजन पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जातो. जे राबात, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजताना, जाळलं जातं त्याचा धुरातून जातो, राखेत पालाश आणि स्फुरद तेवढे राहतात. राबाने तणाचं बी मरतं हे खरं, पण त्यासाठी शेण कशाला? तेच २५ किलो शेण गोबर गॅसच्या टाकीत घातलं तर साधारण एक घनमीटर गॅस मिळतो, आणि नायट्रोजन जवळजवळ सगळा स्लरीत (टाकीतून बाहेर पडणाऱ्या पातळ शेणात) राहतो, कारण गॅस होऊन जातो तो मुख्यतः कार्बन. कोकणात थंडी बेताची, त्यामुळे टाकी बाराही महिने चालते. फक्त स्लरी उन्हात वाळत घालू नये. तिच्यातला बराच नायट्रोजन अमोनियाच्या रूपात असतो आणि तो उडून जातो. पातेऱ्याच्या (वाळक्या पानांच्या) थरावर ओतावी आणि वर छप्पर करावं, किंवा ओलीच माडाच्या आळ्यात सोडून माती ओढावी.