भडक नारिंगीचा हिशेब

केनी शार्फच्या चित्रांतला नारिंगी बघून कुणी ना कुणी विचारतंच, "यात रेडियम घातलंय का?" मोटारसायकलवरच्या चकाकत्या पट्टीबद्दलही हीच समजूत. दोन्हींत रेडियमचा कणही नाही.

शार्फ हा अमेरिकेतला पॉप सर्रिअॅलिस्ट, म्हणजे लोकप्रिय करमणुकीतल्या गोष्टी स्वप्नासारख्या विचित्र करून रंगवणारा चित्रकार. टीव्हीवरची जेटसन्स आणि फ्लिंटस्टोन्स ही कार्टून कुटुंबं त्याने अवकाशात, वितळणाऱ्या चेहऱ्यांच्या गर्दीत नेऊन सोडली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये चित्रकार कीथ हेरिंगसोबत राहत असताना त्याने घरातली एक अडगळीची खोली टाकाऊ खेळण्यांनी आणि मोडक्या यंत्रांनी भरली, सगळ्याला फ्लुरोसंट रंग फासला आणि वर ब्लॅकलाइट, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा लावला. हे रंग रोजच्या वापराचे झाले ते बॉब आणि जो या स्वित्झर बंधूंमुळे. त्यांचे प्रयोग १९३०च्या दशकातले. त्यांतला जो हौशी जादूगार!

साधा नारिंगी रंग पांढऱ्या प्रकाशातला निळा-हिरवा भाग गिळतो, त्याची उष्णता होते आणि उरलेला नारिंगी तेवढा परत येतो. फ्लुरोसंट रंग गिळलेलंही काही अंशी परत करतो, पण रंग बदलून. ब्लॅकलाइटच्या ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील फोटॉनची, म्हणजे प्रकाशकणाची ऊर्जा सुमारे ३.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे ऊर्जेचं एकक). तो रंगद्रव्याच्या रेणूवर आदळला की रेणूतला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर उडतो. रेणू थरथरतो आणि पिकोसेकंदांत (नॅनोसेकंदाचा हजारावा भाग) थोडी ऊर्जा आसपास उधळतो. मग काही नॅनोसेकंदांनी (सेकंदाचा अब्जावा भाग) इलेक्ट्रॉन खाली येतो, तेव्हा निघणाऱ्या ६०० नॅनोमीटरच्या नारिंगी फोटॉनकडे उरलेले असतात जेमतेम २.१. शंभराची नोट मोडली आणि साठच हातात आले, असा हा व्यवहार. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्सने १८५२मध्येच हे ओळखलं होतं. दिवा बंद केला की चमक तत्क्षणी जाते. छताला चिकटवायचे रात्री चमकणारे तारे हा वेगळा प्रकार.

आता उजेडात बघा. मुळातला नारिंगी परावर्तित होतोच, वर निळ्या-हिरव्यातून तयार झालेल्या नारिंगीची भर पडते. त्यामुळे त्या तरंगलांबीला पृष्ठभागावर पडतो त्याहून जास्त प्रकाश बाहेर येऊ शकतो. डोळ्याला वाटतं, हा कागद पेटलाय. एकूण ऊर्जा मात्र घटलेलीच असते. "सकारात्मक ऊर्जा देणारे रंग" म्हणून दिशा बघून चित्रं विकणाऱ्यांनी हा हिशेब जरूर मांडावा.

छापील पुस्तकात शार्फची चित्रं मलूल दिसतात ती यामुळेच. नेहमीची शाई फक्त प्रकाश गिळू शकते, नवा काढू शकत नाही.

गोची अशी की ज्या प्रकाशाने रंग चमकतो, त्यानेच तो मरतो. उत्तेजित रेणू ऑक्सिजनशी वगैरे अभिक्रिया करून कधीतरी तुटतो. तुटला की चमक संपली. मिश्रणात दोन रंगद्रव्यं असतील तर एक आधी जातं आणि छटाच बदलते. दुरुस्ती करणाऱ्याला मग दुहेरी कसरत: भरलेला ठिपका साध्या उजेडात जुळून चालत नाही, ब्लॅकलाइटखालीही जुळावा लागतो.