बोन चायनाचे लष्करी स्मृतिमग

एखादी लढाई, मोहीम किंवा पलटण यांच्या स्मरणार्थ घडवलेल्या, हाडांची राख मिसळलेल्या चिनी मातीच्या, म्हणजे बोन चायनाच्या, मगांना लष्करी स्मृतिमग म्हणता येईल. इंग्लंडमध्ये थॉमस फ्राय याने १७४८ च्या सुमारास मातीत अशी राख वापरली होती. पुढे स्टोक-ऑन-ट्रेंट येथील जोसाया स्पोड याने १७९० च्या आसपास बोन चायनाचे मिश्रण स्थिर केले. त्यात साधारण निम्मी राख, पाव हिस्सा केओलिन ही पांढरी माती आणि पाव हिस्सा फेल्डस्पार या खनिजाने युक्त कॉर्निश दगड असतो. चांगला मग उजेडासमोर धरल्यास पलीकडच्या बोटांची सावली दिसते.

अशा मगाला ‘हातघडणीचा’ म्हणायचे, तर तो शब्द जपून घ्यावा लागतो. ही माती लवचीक नसल्यामुळे ती चाकावर सहज चढत नाही, म्हणून तिचा पातळ रबडा प्लास्टर ऑफ पॅरिसच्या साच्यात ओततात. प्लास्टरने पाणी शोषून भिंत पुरेशी जाड झाली की उरलेला रबडा काढून घेतात. कारागिराचा हात खरा दिसतो तो साच्याची शिवण घासण्यात आणि कान जोडण्यात. कान व मग यांचा ओलावा सारखा नसेल, तर सांध्याला तडा जातो. पहिली भाजणी सुमारे १२०० ते १२५० अंश सेल्सिअसला होते, नंतर झिलई देऊन पुन्हा भाजतात. चिन्हाचे डीकॅल, म्हणजे छापील चित्राचा पातळ पापुद्रा, पाण्यात भिजवून झिलईवर सरकवतात आणि रबरी पट्टीने त्याखालची हवा काढून सुमारे ८०० अंशांना पक्के करतात. एखादा बुडबुडा राहून गेला, तर गरुडाच्या पंखात भोक पडते.

गरुडाचे उदाहरण नागपूरकरांना जवळचे आहे, कारण १९४९ मध्ये उभारलेल्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या भारतीय पायदळ रेजिमेंटचे ते चिन्ह असून तिचे रेजिमेंटल सेंटर कामठीच्या छावणीत आहे. विषय म्हणून मात्र सीताबर्डीची, म्हणजे नागपूरकरांच्या ‘बर्डी’ची लढाई अधिक अवघड आहे. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य आणि ईस्ट इंडिया कंपनीची फौज तेथील टेकड्यांवर लढली. कंपनी जिंकली आणि तिच्या हिंदी पलटणींना ‘सीताबल्डी’ हा युद्धसन्मान, म्हणजे लढाईचे नाव निशाणावर मिरवण्याचा मान, मिळाला. भारतीयांविरुद्धच्या लढायांचे असे अनेक सन्मान स्वातंत्र्यानंतर भारतीय सेनेने निशाणांवर मिरवण्यास अयोग्य ठरवले. त्यामुळे पलटणीच्या जुन्या सन्मानांची यादी जशीच्या तशी मगावर उतरवणारा चित्रकार नकळत कंपनीच्या बाजूने बोलतो. टेकड्यांचा आराखडा आणि तारीख एवढेच रेखाटणे अधिक प्रामाणिक ठरते.

वापराच्या अडचणी साध्याच आहेत. सोनेरी कडेचा मग मायक्रोवेव्हमध्ये ठेवल्यास ठिणग्या उडतात, आणि हाडांच्या राखेमुळे काही शाकाहारी घरांत तो चहाच्या कपांच्या रांगेत न बसता थेट शोकेसमध्ये जातो.