आरोग्य-तंत्रज्ञानातील प्रकल्प व्यवस्थापक: एका पेशाची पार्श्वभूमी

रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर उभे करणाऱ्या प्रकल्प व्यवस्थापकाचे काम आज पुण्या-मुंबईत अनेक तरुणांना खुणावते. वेळापत्रक, खर्च आणि माणसे सांभाळण्याचे कसब या कामाला लागतेच. पण ज्या घटनांमधून या पेशाला आजचे रूप आले, त्या पाहिल्या तर खरी कसोटी वेगळीच असल्याचे दिसते. संगणकावर काम करणारे डॉक्टर आणि परिचारिका प्रत्यक्षात कसे वागतात, हे आधीच ओळखून तशी आखणी करणे, हीच ती कसोटी.

प्रकल्प व्यवस्थापनाची आधुनिक तंत्रे रुग्णालयात जन्मलेली नाहीत. अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी 1958 मध्ये ‘पर्ट’ ही आखणीची पद्धत तयार झाली आणि त्यात लॉकहीड या कंपनीचा वाटा होता. हीच लॉकहीड साठच्या दशकात रुग्णालयांच्या माहितीप्रणालीकडे वळली, आणि पुढे टेक्निकॉन कंपनीने विकत घेतलेली ही प्रणाली कॅलिफोर्नियातील एल कॅमिनो रुग्णालयात 1971 पासून वापरात येऊ लागली. डॉक्टरांनी पडद्यावर प्रकाश-लेखणी टेकवून औषधे आणि तपासण्या लिहून द्यायच्या, अशी तिची रचना होती. यंत्रणा चालत होती, पण अनेक डॉक्टरांचा विरोध मावळायला वेळ लागला. क्षेपणास्त्राच्या आखणीत ही अडचण कधी आलीच नव्हती, कारण तेथे रोजच्या सवयी बदलायला नकार देणारा डॉक्टर नव्हता.

त्याहून कठोर धडा थेरॅक-25 या किरणोपचार यंत्राने दिला. 1985 ते 1987 या काळात अमेरिका आणि कॅनडात या यंत्रामुळे सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सर्ग मिळाला आणि त्यांतील किमान तिघे दगावले. मार्च 1986 मध्ये टेक्सासमधील टायलर येथे जे घडले, ते या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने बारकाईने वाचावे असे मला मनापासून वाटते. सरावलेल्या तंत्रज्ञ बाईंनी ‘ई’ (इलेक्ट्रॉन किरण) ऐवजी ‘एक्स’ (क्ष-किरण) हे अक्षर दाबले, चूक लक्षात येताच वर जाऊन ते दुरुस्त केले आणि उपचार सुरू केला. हे सारे आठ सेकंदांच्या आत झाले, आणि यंत्रातील चुंबके जागेवर येण्यास लागणाऱ्या तेवढ्या वेळात केलेली दुरुस्ती सॉफ्टवेअरने नीट टिपलीच नाही. रुग्णाला किरणांचा पहिला झटका बसला, पण पडद्यावर ‘मालफंक्शन 54’ एवढेच उमटले. असे संदेश नेहमीच येत असल्याने त्यांनी उपचार पुढे चालू ठेवण्याची कळ दाबली आणि रुग्णाला दुसरा झटका बसला. त्या दिवशी उपचार खोलीतील आवाजाची आणि चित्राची, दोन्ही यंत्रणा बंद असल्यामुळे त्याचे कळवळणे बाहेर कळले नाही. आधीच्या थेरॅक-20 मध्येही अशीच चूक दडलेली होती, पण तेथे स्वतंत्र यांत्रिक अटकाव असल्यामुळे कोणाला इजा झाली नाही. नव्या यंत्रात तो अटकाव काढून सारा भार सॉफ्टवेअरवर टाकला गेला होता. वैद्यकीय उपकरणांच्या सॉफ्टवेअरसाठी 2006 मध्ये आयईसी 62304 हे आंतरराष्ट्रीय मानक आले, आणि धोक्यांची नोंद ठेवणे हा प्रकल्पाच्या आराखड्याचाच भाग झाला.

इंग्लंडमध्ये 2002 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय आरोग्य-माहिती कार्यक्रमाची गोष्ट निराळी. मोठी कंत्राटे झपाट्याने दिली गेली, दवाखान्यांतील माणसांना पुरेसे विश्वासात घेतले गेले नाही, आणि अब्जावधी पौंड खर्चूनही 2011 मध्ये सरकारला तो कार्यक्रम मोडीत काढावा लागला.

अमेरिकेत 2009 च्या हायटेक कायद्याने इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी रुग्णालयांना पैसा दिला. 2008 मध्ये दहा टक्क्यांहून कमी रुग्णालयांत मूलभूत स्वरूपाची अशी प्रणाली होती; 2015 पर्यंत ते प्रमाण ऐंशी टक्क्यांपुढे गेले. इतक्या ठिकाणी ‘गो-लाइव्ह’, म्हणजे नवी प्रणाली प्रत्यक्ष वापरात आणणे, पार पाडायला वॉर्डाची भाषा जाणणारी माणसे हवी होती, आणि त्यामुळे परिचारिका, औषधनिर्माते व डॉक्टर यांनाही या पेशात वाट मिळाली.

भारतात पाया थोडा उशिरा घातला गेला. केंद्र सरकारने आरोग्य-नोंदींची मानके 2013 मध्ये जाहीर केली, 2016 मध्ये सुधारली, आणि या मानकांचे राष्ट्रीय संसाधन केंद्र पुण्यात सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक-संशोधन संस्थेत आहे. 16 जानेवारी 2021 रोजी सुरू झालेल्या लसीकरणासाठी ‘कोविन’ देशभर चालवावे लागले, आणि त्याच वर्षी 27 सप्टेंबरला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशव्यापी झाले. आज या मिशनशी जोडून घेणाऱ्या रुग्णालयाचा प्रकल्प साधारणपणे तीन टप्प्यांत आखला जातो: रुग्णाचा 14 अंकी आभा (आरोग्य-खाते) क्रमांक तयार करणे व पडताळणे, रुग्णालयातील नोंदी त्याला जोडून त्याच्या संमतीने उपलब्ध करणे, आणि इतरत्र असलेल्या नोंदी त्याच्या संमतीने मागवणे. माझ्या मते यांपैकी पहिला टप्पाच सर्वांत अवघड, कारण तो सकाळच्या ओपीडीत, केसपेपर काढण्याच्या खिडकीवर, रांग थांबू न देता पार पाडायचा असतो. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने आराखडा लिहायला घेण्यापूर्वी काही सकाळी त्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसून काढाव्यात.