स्कॉटलंडचे शेतमजूर एकाच गावात राहायचे? छे!

व्हिक्टोरियन काळातली स्कॉटिश शेतमजुरांची कुटुंबं पिढ्यान् पिढ्या एकाच गावात राहायची, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं आणि मग पूर्वज शोधणारे एकाच पॅरिशची (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या भागाची) कागदपत्रं चाळत बसतात. हे खरं नाहीये. १८५१ पासूनच्या जनगणनेत स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या प्रत्येकाच्या जन्माचं पॅरिश लिहिलेलं असतं, तो रकाना नीट बघा. बेरिकशर काउंटीतल्या नांगऱ्याच्या घरात थोरला कोल्डिंगहॅमचा, मधली स्विंटनची, धाकटा एक्लसचा, असं सहज दिसू शकतं.

कारण साधं आहे, लग्न झालेल्या नांगऱ्याला वर्षाच्या कराराने ठेवायचे आणि राहायची खोली नोकरीसोबतच मिळायची, त्यामुळे करार संपला की मे महिन्यात अख्खा संसार गाडीत घालून दुसऱ्या शेतावर! सगळेच दरवर्षी हलायचे असं नाही, पण हलणारे खूप होते. शिवाय जनगणना मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये, म्हणजे या हलवाहलवीच्या अगदी तोंडावर व्हायची, त्यामुळे तिथला पत्ता मेनंतर खरा असेलच असं नाही. १८४१ ची मात्र जूनमधली, आणि तिच्यात जन्माचं पॅरिशच नाही, फक्त त्याच काउंटीत जन्म झाला का, की इंग्लंड, आयर्लंड किंवा परदेशात, एवढंच विचारलंय. म्हणून आधी मुलांची जन्मठिकाणं वयाच्या क्रमाने लावा, मग १८५५ पासूनच्या सरकारी जन्मनोंदी त्या त्या पॅरिशमध्ये शोधा.